‘भीतभीत’साठी एक उदाहरण

औरंगाबाद
रविवार, १४ नोव्हेंबर १९४८

आज नानासाहेबांच्या बैठकीत शब्दांची वाटणी झाली आणि माझ्या वाट्याला ‘भीतभीत’ आला.

नानासाहेब वकील. शहागंजात कापडाच्या दुकानावर त्यांचं बिऱ्हाड. पोलीस अ‍ॅक्शनला दोन महिने होत आले. तेव्हापासून दर रविवारी दुपारी मराठीची आवड असलेली आम्ही मंडळी तिथं जमतो. निजामाच्या राज्यात शाळा उर्दूतून, कचेरी उर्दूतून. मराठी बिचारी चुलीपाशी आणि गोठ्यात राहिली. आता तिला ओसरीवर आणून बसवायची असा नानासाहेबांचा निर्धार आहे. त्यांची नवी टूम अशी, की प्रत्येकानं एक शब्द घ्यायचा, त्याचा अर्थ उलगडायचा, साहित्यात तो कसा वापरावा ते सांगायचं आणि शेवटी स्वतः लिहिलेलं उदाहरण वाचायचं. चांगली उदाहरणं शाळांच्या नव्या वाचनमालेत जातील. त्या समितीवर नानासाहेब आहेत, तेव्हा हे नुसतं बोलणं नव्हे.

टोपीत चिठ्ठ्या टाकल्या. पोस्टातल्या बन्सीधररावांना ‘पराक्रम’ मिळाला. हे गृहस्थ उंदीर दिसला तरी खुर्चीवर चढतात. माझी चिठ्ठी उघडली तेव्हा हशा पिकला. कुणी म्हणालं, बद्रीनाथ मास्तरांच्या वर्गात हा शब्द रोजच हजर असतो. मीही हसलो, पण मनाला लागलं. क्रियाविशेषण म्हणजे वऱ्हाडातला लांबचा पाहुणा. आला तर आला, नाही आला तर लग्न अडत नाही.

तरी मी तिथल्या तिथं सांगून टाकलं, की हा मास्तर कल्पनेचे पतंग उडवणार नाही. डोळ्यांनी पाहिलेलं असेल तेवढंच लिहीन. नानासाहेबांनी मान डोलावली. आता बोलून बसलो आहे, तर निभावलं पाहिजे.

बुधवार, १७ नोव्हेंबर

शब्द वाटला होता तितका गरीब नाही. ‘घाबरून’ माणूस पळतो. ‘दचकून’ जागच्या जागी उडतो. ‘बिचकत’मध्ये लाज मिसळलेली असते, नवी नवरी बिचकत बोलते. ‘दबकत’मध्ये कावा असतो, मांजर दबकत येतं. पण ‘भीतभीत’ माणूस काम करतो. भीतभीत विचारलं, भीतभीत दार उघडलं, भीतभीत पाऊल टाकलं. जो भ्याला आणि बसून राहिला त्याला हा शब्द लागतच नाही. भीतीहून मोठं काहीतरी पुढ्यात असल्याशिवाय कुणी भीतभीत जात नाही. मुलांचे पाढे चालू असताना हे मला सुचलं आणि मी इतका खूश झालो की दोघांची छडी माफ केली.

घरी आल्यावर बायकोला, द्वारकेला, म्हटलं, या शब्दाचं एक वाक्य सांग. ती भाकरी थापत होती. फुलंब्रीची बाई, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण तिची मराठी माझ्याहून ताजी. मान वर न करता म्हणाली, "आजकाल समदी गल्लीच भीतभीत दार उघडती." वाक्य वाईट नाही, पण वाचनमालेला चालायचं नाही. फार रोजचं आहे.

मग तिनं बाजारातली बातमी सांगितली. फुलंब्रीकडच्या एका वाडीची माणसं शहागंजात दुकानोदुकानी विचारत फिरतायत, की हिमरू विणणाऱ्याचा हैदर कुठं राहतो. कुणी त्यांना दाद दिली नाही. हैदर म्हणजे आमच्या शेजारच्या मोहियोद्दीनचा मुलगा. त्यांच्या आणि आमच्या अंगणात कमरेएवढी भिंत, बस. माझ्याच हाताखाली शिकलेला पोरगा. यंदाच्या उन्हाळ्यात रझाकारांत गेला. त्या वाडीला आग लावली त्या टोळीत तो होता म्हणतात. पोलीस अ‍ॅक्शन झाली आणि तो दिसेनासा झाला. मोहियोद्दीन सांगतो, हैदराबादला मामाकडे आहे. बरं झालं गेला. त्या माणसांच्या हाती लागला असता तर कोर्टापर्यंत पोचलाच नसता. मला त्याचा फार कळवळा आहे असं नाही. माझ्या मेहुण्याच्या कडब्याच्या गंज्या असल्याच एका टोळीनं पेटवल्या. पण पोरगं हुशार होतं, अक्षर मोत्यासारखं.

असो. ‘चाचरत’ आणि ‘भीतभीत’ यांतला फरक उद्या बघायचा.

गुरुवार, २५ नोव्हेंबर

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ते मी. आठ दिवस पुस्तकं चाळली आणि उदाहरण घराच्या मागंच होतं.

दिवे लागायच्या वेळी मी मागच्या खिडकीत बसलो होतो. मोहियोद्दीनची बायको अनवरी अंगणात आली. ओढणीखाली काहीतरी झाकलेलं. त्यांच्या मागाच्या खोलीवर माळा आहे. तिथं जुनं सूत आणि मोडका सरंजाम ठेवतात. माळ्याला बाहेरून शिडी. अनवरीनं शिडीवर पाय ठेवला आणि थांबली. गल्लीकडे कान दिला. थोडी चढली, परत थांबली. ओठ हलत होते. वर पोचल्यावर तिनं दार वाजवलं नाही, नुसती नखं घासली, आणि आत गेली. उतरली तेव्हा हात मोकळे होते.

काय ते चढणं! एवढी धडधाकट बाई, बाजारात भाजीवाल्याशी भांडली तर चौक ऐकतो, आणि स्वतःच्या घरातल्या माळ्यावर जाताना हे पाय. माळ्यावर विंचू असतील. नखं घासली ती उंदरांना पळवायला असणार. किंवा काळच असा आहे, की बाईमाणसाला आपल्या घरातसुद्धा धीर वाटत नाही. कारण काही का असेना, मला कारणाशी कर्तव्य नाही. मला त्या पावलांशी आहे.

गुरुवार, २ डिसेंबर

हल्ली रोज दिवेलागणीला खिडकीत बसतो. अनवरी चुकत नाही. आज तिच्या मागं मोहियोद्दीन अंगणाच्या दाराशी उभा होता, बिडी न पेटवता तोंडात धरून. ही बिडी मला फार आवडली. उदाहरणात घालणार आहे.

संध्याकाळी द्वारकेनं येऊन खिडकी लावली. म्हणाली, थंडी वाजतेय. मी उघडली. तिनं परत लावली. मी म्हटलं, अगं मी लिहितोय. तर म्हणाली, "दुसऱ्याच्या बाईमान्सावर कसलं लिवता? त्यापरीस माझ्यावर लिवा." मी हसून म्हटलं, तू कुठं कुणाला भितेस?  उशिरानं म्हणाली, अनवरीभाभीचं नका लिवू. मी म्हटलं, नाव थोडंच घालतोय. एक बाई, इतकंच. साहित्यात नावाला किंमत नसते, पाहण्याला असते.

तिला यातलं कळायचं नाही. जरा फुरंगटली आहे. शिवाय ज्वारीचं पीठ फार लवकर संपतंय, म्हणून मी विचारलं तर तोंड फिरवलं. भिंतीवरून शेजारी भाकरी देते हे मला ठाऊक आहे. हिमरूला गिऱ्हाईक नाही, मोहियोद्दीनचा माग बंद आहे. देते ते बरंच करते. पण नवऱ्यापासून चोरून कशाला?

रविवार, १२ डिसेंबर. दुपार.

बैठक गाजली! आधी बन्सीधरराव ‘पराक्रमा’वर बोलले. लोक जांभया देत होते. मग मी. अर्थ सांगितला, ‘घाबरून’पासून ‘दबकत’पर्यंत भावकी उलगडून दाखवली आणि शेवटी उदाहरण वाचलं. ते इथं उतरवून ठेवतो:

‘दिवे लागले होते. मागाची खोली कधीची मुकी होती. ओढणीखाली ताट झाकून ती बाई भीतभीत शिडी चढली. दर पायरीवर ती गल्लीकडे कान देई. खाली तिचा नवरा न पेटवलेली बिडी ओठांत धरून उभा होता. वर पोचल्यावर तिनं दारावर नुसती नखं घासली. दार उघडलं, आणि तिचं भय क्षणभर खालीच राहिलं.’

 नानासाहेबांनी डोळे मिटले होते. मग म्हणाले, मास्तर, हे पाहिलेलं आहे. असं रचता येत नाही. मला आणखी काय हवं?

बैठकीत आज एक नवा माणूस होता, कडूबा म्हणून. नानासाहेबांचा पक्षकार. वाडी जळाली, नुकसानभरपाईच्या अर्जासाठी आलेला. धाकटा भाऊ गोठ्यातली जनावरं सोडवायला गेला आणि बाहेर आलाच नाही, असं नानासाहेबांनी हळूच सांगितलं. तो दाराशी उकिडवा बसून ऐकत होता. सगळे उठल्यावर माझ्याजवळ आला. आजवर माझं लिखाण इतक्या बारकाईनं ऐकणारा मला भेटला नव्हता. पदवीधर लोक ‘छान, छान’ म्हणतात आणि चहाकडे बघतात. यानं विचारलं, बाई रोज जाते का एखाद्याच दिवशी? मी म्हटलं, रोज, अगदी दिवेलागणीला. त्यानं विचारलं, शिडी आतून की बाहेरून? बाहेरून. ताट उतरताना रिकामं असतं का? मी म्हटलं, वा, हे तुम्ही बरोबर हेरलंत, उतरताना हात मोकळे असतात. मग म्हणाला, "गुरुजी, हे तुमी सोता पाह्यलं नव्हं?" मी म्हटलं, या डोळ्यांनी. घर कुठलं, असंही त्यानं विचारलं, पण तेवढ्यात नानासाहेबांनी मला हाक मारली आणि उद्या संध्याकाळी या म्हणाले, वाचनमालेचं बोलायचंय.

न शिकलेला माणूस, पण रसिक. द्वारकेला आता सांगतो. रुसवा जाईल.

तीच तारीख. संध्याकाळ.

घाईनं लिहितोय, अक्षर बिघडलं तर बिघडो.

द्वारकेला सगळं सांगितलं. कडूबाचे प्रश्नसुद्धा, एकेक करून, मिटक्या मारत. तिच्या हातातली परात खाली आली. म्हणाली, "हैदर माळ्यावर हाय."

मला आधी उमजेना. ती म्हणाली, पोलीस अ‍ॅक्शनपासून तिथंच आहे. ताट त्याचं. भाकरी आपल्या. गल्लीतल्या बायकांना माहीत आहे, वाण्याला माहीत आहे, म्हणूनच तर शहागंजात कुणी पत्ता दिला नाही. मला कुणी सांगितलं नाही. मी विचारलं, का? तर म्हणाली, "तुमच्या तोंडात तीळ भिजत नाय, म्हनून." मग पदर तोंडात घालून रडायला लागली. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, ती अशी रडलेली मी पाहिली नव्हती. मला म्हणाली, "भीतभीत गेली, भीतभीत गेली, म्हैनाभर त्येच. कशापायी गेली, येवढं नाय इचारलं तुमी."

वही उघडून मागचं वाचलं. मीच लिहिलं आहे, भीतीहून मोठं काहीतरी पुढ्यात असल्याशिवाय कुणी भीतभीत जात नाही. चार ओळी वर लिहायचं आणि खाली विंचू, उंदीर! मला माझी लाज वाटते.

सोमवार, १३ डिसेंबर. सकाळ.

पहाटे मोहियोद्दीन येऊन गेला. द्वारकेनं काल लगेच भिंतीवरून सांगितलं होतं. त्यानं मला एका शब्दानं दोष दिला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याचं म्हणणं, छावणीत लष्कराचा एक कारकून ओळखीचा आहे. पोराला तिथं हजर केलं की तुरुंग होईल, खटला होईल, पण जीव राहील. कारकून गुरुवारी रजेवरून येतोय. तोवर त्याला रस्त्यावर काढायची सोय नाही, वाटेत त्या वाडीची माणसं आहेत.

मग मी माळ्यावर गेलो. गेलो म्हणजे द्वारकेनं नेलं. हैदर सुताच्या गाठोड्यांमागं बसला होता. दाढी वाढलेली, डोळे आत. मला बघून उठायला लागला, विद्यार्थी उठतात तसा. मी विचारलं, तू त्या वाडीत होतास का? खोटं बोलेल असं वाटलं होतं. म्हणाला, "होतो सर. पेटवली मी नाय. पन थांबवली बी नाय."

उतरताना माझ्या मनात काय काय आलं ते लिहायला हवं, नाहीतर ही वही कशाला ठेवायची. एक मन म्हणत होतं, कडूबाचा भाऊ जळाला, त्याला कुणी लपवलं नव्हतं. दुसरं म्हणत होतं, ज्यानं काडी लावली नाही त्याला कुऱ्हाडीखाली द्यायचं का. तिसरं मन, आणि हे सर्वांत वाईट, म्हणत होतं की आता उदाहरणाचं काय होणार.

द्वारकेनं मला सांगून ठेवलं आहे. कडूबा पुन्हा भेटला तर म्हणायचं, मनानंच रचलं. "येवढंच म्हना. दुसरं काय बी नको." तीन वेळा माझ्याकडून वदवून घेतलं, शाळेतल्या पोरासारखं.

तीच तारीख. संध्याकाळ.

नानासाहेबांकडे जाऊन आलो. संकट टळलं आहे. सविस्तर लिहितो.

मी गेलो तेव्हा समितीचे आणखी एक गृहस्थ बसलेले होते. नानासाहेबांनी त्यांना माझी ओळख करून दिली, की हेच ते बद्रीनाथ मास्तर, ज्यांनी नुसत्या एका क्रियाविशेषणात आमच्या मराठवाड्याचा आजचा चेहरा दाखवला. उतारा सातवीच्या वाचनमालेसाठी पक्का झाला. ते गृहस्थ म्हणाले, आमच्याकडे येणारं सगळं रचलेलं असतं, हे एकच पाहिलेलं आहे, म्हणून घेतोय. मी हात जोडले.

आणि दाराशी कडूबा होता. आज त्याच्याबरोबर आणखी दोघे. त्यानं सरळ विचारलं, "गुरुजी, त्ये घर कुन्या गल्लीतलं?"

मनानंच रचलं. एवढेच दोन शब्द. ओठावर आले होते, देवाशपथ. पण नानासाहेब माझ्याकडे बघत होते, ते समितीचे गृहस्थ बघत होते. आत्ताच तर म्हणाले, हे एकच पाहिलेलं. आणि महिन्यापूर्वी त्याच दिवाणखान्यात मी छातीठोकपणे सांगितलेलं, की डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लिहिणार नाही. आता सगळ्यांसमोर काय सांगू, की मीही रचणाऱ्यांतलाच?

मग मला सुचलं. मी म्हटलं, इथलं नाहीच ते घर. दौलताबादचं. शाळेच्या सहलीबरोबर गेलो होतो तेव्हा पाहिलं. कडूबा म्हणाला, दौलताबादला कुठं? एकदा सुरुवात केल्यावर तपशील आपोआप येत गेले. लिहिणाऱ्याला ते थांबवता येत नाहीत. किल्ल्याच्या पायथ्याशी, बाजार सोडून आत गेलं की, मी म्हटलं. अंगणात सीताफळीचं झाड. शेजारी विहीर. बाई तशी वयानं झुकलेली. शिडी बाहेरूनच. बिडीसुद्धा ठेवली, बिडीनं खरेपणा येतो. कडूबानं मान हलवली. बरोबरच्या दोघांकडे बघितलं आणि राम राम करून उतरला. नानासाहेब म्हणाले, बघा, मास्तरांना सगळं अजून डोळ्यांपुढं दिसतंय.

म्हणजे हैदर वाचला आणि माझा शब्दही राहिला. द्वारकेनं दारातच विचारलं, काय सांगितलंत? मी म्हटलं, लावला वाटेला. तिनं हात जोडून देवाकडं पाहिलं. पुढचं मी बोललो नाही, उगीच शंका काढत बसते. दौलताबादला त्या माणसांना काय सापडणार? सीताफळं, आणि तीसुद्धा हंगाम सरलेली.

गुरुवार, १६ डिसेंबर

हैदर छावणीत पोचला. मोहियोद्दीन सकाळी त्याला बुरखा घालून टांग्यातून घेऊन गेला. दुपारी परत आला तेव्हा अंगणात बसून त्यानं ती बिडी पेटवली.

त्या वाडीची माणसं या दोन दिवसांत गल्लीत फिरकली नाहीत. शहागंजातही कुणाला दिसली नाहीत. द्वारका म्हणते, थकून गावी गेली असतील.

संध्याकाळी अनवरी पुढच्या दारानं आमच्याकडे आली, पितळी भरून जर्दा, म्हणजे त्यांचा केशरी गोड भात, घेऊन. एवढं केशर तिनं कुठून पैदा केलं कोण जाणे. माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "मास्तरसाब, तुमने बात फिरवली म्हनून माझा बच्चा जित्ता हाय. अल्ला तुमचं भलं करो." मला गहिवरून आलं. जर्दा दोनदा घेतला. अनवरी गेल्यावर द्वारकाही कौतुकानं म्हणाली, मला वाटलं नव्हतं तुम्हाला जमेल म्हणून. आज बऱ्याच दिवसांनी तिनं स्वतः मागची खिडकी उघडली.

सोमवार, २० डिसेंबर

नानासाहेबांचा निरोप आला, उतारा छापायला गेला. शाळेत मुलांकडून एकदा मोठ्यानं वाचून घेतला. त्यांना फार आवडला. एकानं विचारलं, सर, माळ्यावर कोण असतं? मी म्हटलं, ते लेखक सांगत नाही.

कडूबा रविवारच्या बैठकीला आला नव्हता. नानासाहेबांनी विचारलं, तुम्हाला काही बोलला का. मी म्हटलं, नाही. रात्री जेवण गेलं नाही. पित्त असेल.

गुरुवार, २३ डिसेंबर

शाळेतले एक सहकारी दौलताबादहून रोज येतात. आज आले नाहीत. शिपाई म्हणाला, गावात काहीतरी गडबड झाली, पोलीस आलेत. कसली, ते त्याला माहीत नव्हतं. मीही विचारलं नाही. त्या गावात रोज काही ना काही होतच असतं. गाव मोठं आहे, रस्त्यावरचं आहे.

द्वारकेला हे सांगितलं नाही.

रविवार, २६ डिसेंबर

आज बैठकीला गेलो नाही. अंगात कणकण आहे असा निरोप पाठवला. दुपारी दाराची कडी वाजली. कडूबा होता, एकटा. खांद्यावर पोतडं. म्हणाला, नानासाहेबांकडून घर विचारत आलो. ओसरीवर बसला, पोतडं माझ्यापुढं ठेवलं. हुरडा होता. पहिलाच, म्हणाला, तुमच्यासाठी काढला.

मी पाणी दिलं. तो सगळं पाणी प्यायला, तांब्या खाली ठेवला आणि म्हणाला, "गुरुजी, तुमचं अक्षर न अक्षर खरं निघालं. सीताफळीचं झाड हाय, हीर हाय, शिडी भायेरून हाय. दिवेलागनीला म्हातारी ताट घिऊन चढली, तवा आमी भिंतीआडच व्हतो."

मी म्हटलं, असं घर तिथं आहे?  तो माझ्याकडे नवलानं बघायला लागला. म्हणाला, तुम्हीच तर सांगितलं. लई शोधावं लागलं नाही.

मी विचारलं, वर कोण होतं.

"पोरगं व्हतं." मग बराच वेळ तो मुंडाशाचा शेव चाचपत बसला. "म्या हैदर नाय, म्या हैदर नाय, म्हनत व्हतं. आता काय, समदेच तसं म्हनत्यात."

त्यात फुशारकी नव्हती. थकलेला माणूस बोलतो तसा बोलला. भाऊ गेल्यापासून डोळ्याला डोळा नव्हता, म्हणाला, आता लागतो. तो उठला, माझ्या पायांना हात लावला. मी पाय ओढून घ्यायला हवे होते. घेतले नाहीत. हैदर छावणीत जिवंत आहे हेही मी त्याला सांगितलं नाही. ते ऐकून त्याची झोप गेली असती, आणि दुसरं कुणी परत आलं नसतं.

मला वाटलं होतं, मी एक घर रचलं. या मुलखात ते रचायची गरजच नव्हती. ज्या गावात हात घालावा तिथं अशी शिडी आहे आणि दिवेलागणीला तिच्यावर एक आई आहे. हे मला कळायला हवं होतं. शब्दाचा अर्थ सांगायला बैठकीत मीच उभा राहिलो होतो.

तो गेल्यावर वळलो तर द्वारका माजघराच्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं विचारलं, तुम्ही त्याला दौलताबाद सांगितलं? मी हो म्हटलं. मनानंच रचलं म्हणायचं ठरलं होतं ना? मी म्हटलं, समितीची माणसं बसली होती.

 ते पोतडं तिनं उचललं नाही, त्याला पाय लागू नये म्हणून वळसा घालून आत गेली. चूल पेटवली नाही.  मग तिथूनच तिनं विचारलं, त्या पोराचं नाव काय होतं.

मला माहीत नाही. मी कडूबाला विचारलं नाही.